टेप कुठे आहे?
(राज्यातील बालरोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



  

अध्यक्षाने वर्षभराच्या घडामोडींचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. लसीकरण, नवजात अतिदक्षता आणि प्रतिजैविकांचा बेसुमार वापर या तिन्ही विषयांवर स्वतंत्र सत्रं आहेत आणि ती त्या त्या विषयातली अधिकारी माणसं घेणार आहेत. मुलांच्या फॅटी लिव्हरवरचं सत्र दुपारी आहे. त्यावर दोन शब्द बोलून पुढे जायचं, असं टिपणात लिहिलं होतं. पण हा विषय मी वर्षानुवर्षं कार्यकारिणीच्या बैठकीत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली मांडत आलो आहे आणि प्रत्येक वेळी तो वेळेअभावी पुढे ढकलला गेला आहे. आज वेळ माझ्या हातात आहे, तेव्हा आढावा राहू दे.

माझं म्हणणं साधं आहे. आपण मुलाला काट्यावर उभं करतो, आकडा लिहितो आणि तो आकडा कशाचा आहे हे पाहत नाही. त्यात हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी बसली आहे कुठे, हे विचारत नाही. म्हणून यकृतात चरबी साठत चाललेली कितीतरी मुलं आपल्या टेबलासमोरून ‘सगळं ठीक आहे’ असं ऐकून घरी जातात. खरं सांगायचं तर पुष्कळ ठिकाणी वजनही घेतलं जातं ते पॅरासिटामॉलचा डोस काढण्यापुरतं. उंची कधीमधी घेतात. कमरेचा घेर कुणीच घेत नाही. मी ज्या ज्या सहकाऱ्याच्या दवाखान्यात जातो तिथे विचारतो, टेप कुठे आहे? नेब्युलायझर असतो, ऑक्सिमीटर असतो, भिंतीवर कार्टून असतं. टेप शोधावी लागते. सापडलीच तर ती शिंप्याची, ताणून ताणून सैल झालेली असते.

मी कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात प्रॅक्टिस करतो. मागे वाळवा तालुक्यातला एक अकरा वर्षांचा मुलगा आजीबरोबर आला. पोटात दुखतं ही तक्रार. हात काटक्यांसारखे, चेहरा निमुळता. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर ‘वजन योग्य’ असा शेरा होता आणि तक्त्याप्रमाणे तो बरोबरच होता. उंची १३८ सेंटिमीटर, वजन ३६ किलो. शर्ट काढायला लावला. चड्डीच्या इलॅस्टिकवर पोट ओघळलेलं, इलॅस्टिकचा वण कमरेभोवती उमटलेला. मानेवर काळा, मखमलीसारखा जाड पट्टा. आजी म्हणाली, “मळ बसलाय बघा डॉक्टर. रोज वज्रीनं घासतीया, पर जाईना.” घासून घासून त्या माउलीने पट्ट्याच्या कडेची कातडी लाल केली होती. तो मळ नव्हता. इन्शुलिन वाढलं की मानेवर असं होतं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला परीक्षेत लिहिता येईल. पण शर्टाची कॉलर खाली केली तरच ते दिसतं, आणि त्याआधी त्या मुलाला तीन दवाखान्यांत कुणी कॉलर खाली करायला सांगितलं नव्हतं.

कमर मोजली, ७१ भरली. उंचीच्या निम्म्याहून जास्त. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. एसजीपीटी, म्हणजे रक्तातलं यकृताचं एन्झाइम, ६८. हेपॅटायटिस बी, सी आणि विल्सन्स डिसीज यांच्या तपासण्या करून ते वगळले. हे वगळणं आपल्याकडे विसरून चालत नाही. यकृतात चरबी दिसली म्हणून विल्सन्स, म्हणजे शरीरात तांबं साठण्याचा आजार, नसेलच असं नाही, आणि तो वेळेवर सापडला तर औषधाने आटोक्यात राहतो.

आता पुढचं नीट ऐका. आधीच्या एका दवाखान्यात, वजन योग्य असूनही, त्याला एवढंच सांगितलं होतं की वजन कमी कर. घरच्यांनी काय केलं? भाकरी बंद केली. सकाळचा गोड चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं चालूच. शाळेतून आल्यावर डब्यातलं फळांचं म्हणवणारं पेय चालू. ते पौष्टिक म्हणून मुद्दाम आणलेलं होतं. मी भाकरी परत चालू केली, सोबत उसळ, अंडं, ताक. साखरेचं पेय आणि बिस्किटाचा पुडा घरातच आणायचा नाही, कुणासाठीच नाही, असं सांगितलं. आणि गावात तालीम होती, तिथल्या वस्तादांकडे त्याला संध्याकाळी धाडलं.

वर्षाने तो आला तेव्हा उंची १४४, कमर ६७, एसजीपीटी २४, दंडावर मांस आलेलं. आणि वजन? ४१ किलो. पाच किलोंनी वाढलेलं. काट्याला विचारलं असतं तर उपचार फसला होता. दुपारच्या सत्रात मुलाने शरीरवजनाच्या किती टक्के घट करावी यावर जो वाद होईल, त्यात माझं मत या एका मुलाने कायमचं ठरवून टाकलं आहे. वाढत्या मुलाचं वजन कमी करणं हे उद्दिष्टच बहुतेकांच्या बाबतीत चुकीचं आहे. उंची वाढू द्या, स्नायू वाढू द्या, कमर तिथेच धरून ठेवा.

ही गोष्ट मी एका मुलावरून बोलतो आहे, असं कुणी म्हणेल. तर पुरावा आपल्याच राज्यातला आहे आणि त्याला अनेक वर्षं झाली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, त्यांचं ३.५ किलोचं. पण फरक सगळीकडे सारखा नव्हता. आपल्या बाळाचा दंड बारीक, पोटाचा घेर लहान, म्हणजे स्नायू कमी आणि पोटातले अवयवही छोटे. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दुसऱ्या एका अभ्यासात नाळेच्या रक्तातलं इन्शुलिनही वजनाच्या मानाने चढं दिसलं. म्हणजे कृश दिसणारं हे बाळ आत चरबी घेऊनच जन्माला येतं. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रं शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. जगभरातल्या विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवलं जातं. आणि ज्या मातीत हे काम झालं तिथल्या दवाखान्यांत आजही फक्त काटा आहे.

ही चरबी यकृतात कशी पोहोचते, ते निवासी डॉक्टरांसाठी थोडं सांगतो. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. स्नायू कमी असले किंवा बसून बसून इन्शुलिनला दाद देईनासे झाले की ती साखर यकृताकडे वळते आणि यकृत तिचं चरबीत रूपांतर करतं. दुसरीकडे चरबीच्या पेशी इन्शुलिनला जुमानत नाहीत, त्यांच्यातून फॅटी ॲसिड सुटत राहतात आणि तीही यकृतात येतात. प्रौढांच्या यकृतातल्या चरबीचा माग काढणाऱ्या २००५ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात जवळपास ५९ टक्के चरबी या फॅटी ॲसिडच्या वाटेने आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखरेतून बनवलेली, आणि ताटातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. आपण मात्र आईला पहिलं वाक्य सांगतो, तूप बंद करा. त्यात फ्रुक्टोजचा आणखी एक गुण असा की ते मुख्यतः यकृतातच पचतं, आणि ग्लुकोजला जो लगाम असतो तो त्याला नसतो. माझ्या भागातल्या आया मला अभिमानाने सांगतात, आम्ही साखर देत नाही, गूळच देतो. गुऱ्हाळ दाराशी आहे, गूळ स्वच्छ आहे, सेंद्रिय आहे, सगळं मान्य. पण गूळही बहुतांशी सुक्रोजच आणि सुक्रोजचा अर्धा भाग फ्रुक्टोज. यकृताला गुऱ्हाळ आणि कारखाना यांतला फरक कळत नाही. हे ऊसपट्ट्यात राहून बोलणं सोपं नाही, पण बोललं पाहिजे.

आता वादांकडे येतो. सोनोग्राफी पुरेशी की प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी फायब्रोस्कॅन हवं, यावर आपल्या नियतकालिकात वर्षभर पत्रापत्री झाली. पाच टक्क्यांहून जास्त यकृतपेशींत चरबी असली की निदान होतं, आणि सोनोग्राफीला साधारण वीस-तीस टक्क्यांच्या आत नीट दिसत नाही, हे खरं आहे. एमआरआयने चरबीचं प्रमाण अचूक कळतं, हेही खरं. पण शिराळ्याच्या डोंगरातल्या पोराला मी एमआरआयला कुठे पाठवू? यंत्रं जरूर घ्या. पण यंत्राकडे कुणाला पाठवायचं हे कोण ठरवणार? माझ्या ओपीडीत ते टेप ठरवते.

एसजीपीटीचंही तसंच. अमेरिकेतल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी वरची मर्यादा मुलींना २२ आणि मुलग्यांना २६ दिली आहे, आणि तिच्या दुपटीहून जास्त आकडा तीन महिने टिकला तर कसून तपासा असं म्हटलं आहे. आपल्या लॅबच्या छापील कागदावर मर्यादा ४० किंवा ४५ असते. परवाच एक बारा वर्षांची मुलगी आली. दोन वर्षांचे तीन रिपोर्ट तिच्या बाबांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून आणले होते. तिन्हींत एसजीपीटी चाळिशीपुढे, शेवटचा ४४. लॅबची मर्यादा ४५, म्हणून एकही आकडा ठळक अक्षरात नव्हता. बाबा म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे, सर, काहीच बोल्ड नाही.” ते त्यांना कुणीतरी डॉक्टरनेच सांगितलं होतं. कागद वाचायचं काम छपाईवर सोपवायचं असेल तर आपली गरज काय?

औषधांवर मी फार बोलणार नाही, पण एक बोलतोच. व्हिटॅमिन ई आणि मेटफॉर्मिन यांची मुलांमधली मोठी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ आठवडे औषध देऊनही एसजीपीटी टिकाऊपणे खाली आणण्यात दोन्हींपैकी एकही प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. उलट २०१९ मध्ये ‘जामा’त आलेल्या अभ्यासात चाळीस किशोरवयीन मुलांपैकी एका गटाच्या आहारातली वरची साखर जवळजवळ काढली, घरातल्या सगळ्यांचंच जेवण बदललं, आणि आठ आठवड्यांत यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. दुसरा गट जवळपास होता तिथेच राहिला. आठ आठवडे! आणि आपण चिठ्ठीवर काय लिहितो? लिव्हर टॉनिक. त्यातली बरीचशी सरबतं गोडच असतात. साखरेने थकलेल्या यकृताला साखरेच्या पाकातलं औषध देताना आपला हात का थबकत नाही?

आणि इथे माझ्या मनातला खरा सल येतो. हे सगळं बाजाराने केलं, जाहिरातींनी केलं, मोबाइलने केलं, असं आपण वर्तमानपत्रांत लेख लिहून सांगतो. त्यांचा वाटा आहेच. पण वजनाची पूजा आपल्याच दवाखान्यांत बांधली गेली. अडीच किलोचं बाळ जन्मलं की पहिल्या दिवसापासून त्या आईला आपण धाक घालतो. दर भेटीला ग्रॅम. शेजारणीचं बाळ किती ग्रॅम. सहा महिन्यांत ते ‘तक्त्यावर यावं’ म्हणून वरचं दूध, पावडर, बिस्किटाची पेज. तान्ह्या बाळाचं वजन बघू नका असं मी म्हणत नाही. कुपोषण माझ्या ओपीडीत रोज येतं, पालघर-नंदुरबारचे सहकारी तर त्याच्याशीच झुंजत आहेत. मी म्हणतो, वजनाबरोबर लांबी मोजा, दंड मोजा. लांबी न वाढता वजन झपाट्याने चढलं तर टाळ्या वाजवू नका. तीन-चार वर्षांचं मूल ‘खात नाही’ म्हणून आलं की सायप्रोहेप्टाडिन लिहून देणारे किती जण या सभागृहात आहेत, ते मला हात वर करायला लावून बघायचं नाही. ती अ‍ॅलर्जीची गोळी आहे. भूक वाढवण्यासाठी धडधाकट पोराला ती देणं कुठल्या शास्त्रात बसतं?

सुदृढ बालक स्पर्धा तुम्हाला ठाऊक आहेत. गणेशोत्सवात, नवरात्रात, कुणाच्या वाढदिवसाला. परीक्षक म्हणून बोलावलं जातं आपल्यालाच. एका मंडळाने मला बोलावलं, तेव्हा मी संयोजकांना म्हटलं, मी लसीकरणाचं कार्ड बघणार, उंची बघणार, कमर बघणार, मूल धावतं कसं ते बघणार. निकाल लावला. पहिला नंबर एका सडपातळ, सावळ्या, सतत इकडून तिकडे पळणाऱ्या पोरीला दिला. मंडपात कुजबुज झाली. गुबगुबीत गालांच्या एका बाळाचे आजोबा मंचावर येऊन मला म्हणाले, “डॉक्टर, तुम्हाला मूल कळतं का?” पुढच्या वर्षी मंडळाने दुसरे परीक्षक बोलावले. ते या परिषदेचे सदस्य होते. त्यांनी गालांनाच पहिला नंबर दिला. त्या वर्षीपासून मी कार्यकारिणीला विनंती करतो आहे की आपल्या सदस्यांनी अशा स्पर्धांचं परीक्षण करू नये, किंवा केलंच तर निकष आपण ठरवावेत. ठराव आजही प्रलंबित आहे.

मी पुण्यात निवासी डॉक्टर होतो, त्या दिवसांत वॉर्डात यकृताची एक वेगळी मुलं असत. एक-दोन वर्षांची, पोट फुगलेलं, हाताला लागणारं यकृत दगडासारखं घट्ट आणि धारदार कडेचं. इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस. आई शून्यात बघत बसलेली, आम्ही नजर चुकवायचो, कारण सांगण्यासारखं काही नसायचं. मग डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी आयांना विचारलं की बाळाचं दूध कशात तापवता, कशात ठेवता. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात. कल्हई उडालेल्या. दुधात उतरणारं तांबं यकृतात साठत होतं. भांडी बदलली आणि तो आजार आपल्या वॉर्डांतून जवळपास नाहीसा झाला. तुमच्यातल्या तरुणांनी तो पाहिलेलाही नाही, हे केवढं भाग्य! त्यासाठी कुठलं नवं औषध निघालं नव्हतं. कुणीतरी आईशेजारी बसून स्वयंपाकघराची चौकशी केली होती. त्या पिढीकडे वेळ होता असं मला आता म्हणतात. वेळ त्यांच्याकडेही नव्हता, ओपीडीची रांग तेव्हाही फाटकाबाहेर जायची. ते विचारत होते, एवढंच. पोटावर हात ठेवत होते. आज पोटदुखीचं मूल आलं की माझे तरुण सहकारी हात लावण्याआधी सोनोग्राफीची चिठ्ठी लिहितात, आणि हे पाहताना मला फार वाईट वाटतं.

खेळाबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आमच्या तालुक्यात चौथीपासून शिष्यवृत्तीचे जादा तास, पीटीचा तास गणिताला. मैदानावर शाळेच्या बस उभ्या. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, फार चांगलं झालं. पण तो फलक वाचणाऱ्या पोराला पळायला जागा द्या. स्नायू फलक वाचून येत नाही. माझ्या त्या वाळव्याच्या मुलाला वस्तादांनी जे दिलं ते मी कितीही चिठ्ठ्या लिहून दिलं नसतं.

मग करायचं काय? तीन गोष्टी मनात आहेत. लसीकरणाच्या आणि शाळेच्या कार्डावर कमरेच्या घेराचा रकाना असावा, यासाठी शिक्षण आणि आरोग्य दोन्ही खात्यांना आपण निवेदन द्यावं. मसुदा कुणी करायचा ते ठरवू. आपल्या भागातल्या मुलांसाठी घेराचा एक सोपा मराठी तक्ता छापावा, शिक्षिकेला आणि आशाताईंना वाचता येईल असा. आणि लॅबवाल्यांशी बसून लहान मुलांच्या एसजीपीटीसाठी वेगळी मर्यादा छापून घ्यावी. याचा तपशील मी आज देत नाही. समिती नेमावी लागेल, समितीत तरुण असावेत.

तोवर एक काम उद्याच्या ओपीडीपासून करता येईल. फायबरग्लासची, न ताणणारी टेप घ्या. पाच वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाची कमर मोजा, मग ते जाड दिसो की हडकुळं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे, उघड्या अंगावर. पोरं पोट आत ओढून धरतात. त्यांना आपलं नाव, गाव, शाळा सांगायला लावा. बोलता बोलता श्वास सुटतो, पोट जागेवर येतं, त्या क्षणी आकडा घ्या. उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला तर कॉलर खाली करून मान बघा, घरी कोण काय पितं ते विचारा आणि मग रक्त पाठवा. मुलीची कमर मोजताना आई शेजारी हवी आणि पडदा हवा, हे मुद्दाम सांगतो. आकडा मोठ्याने उच्चारू नका. वर्गात चिडवलेली मुलं आपल्याकडे आधीच खाली मान घालून आलेली असतात.

मी इथे येताना टेप बरोबर आणल्या आहेत. नोंदणीच्या टेबलाशेजारी खोकं ठेवलं आहे. दुपारच्या सत्राला येताना प्रत्येकाने एक घ्यावी, आणि पुढच्या वर्षी आपण भेटू तेव्हा मी सगळ्यांच्या दवाखान्यातली नोंदवही मागणार आहे.